घरी ठेवून घेतलेलं वाक्य

शाल्मलीच्या प्रेमप्रसंगांना ब्याऐंशी आणि माझ्या प्रेमप्रसंगाला चौदा. इरावतीनं हे मला फोनवर सांगितलं, आणि तेही सकाळी माझा पहिला चहा व्हायच्या आत. इरावती माझी संपादक. ती पुण्यात बसते आणि सांगलीत बसलेल्या माझ्यासारख्या लेखिकेला वाईट बातम्या अगदी मऊ आवाजात देते.

"चौदा म्हणजे शंभरपैकी?" मी विचारलं.

"शंभरपैकीच गं ऋजुता. तुझा रहस्याचा भाग मस्त झालाय, तिथे सत्तरच्या खाली येतच नाही. पण रेवा सारंगला सोडायला स्टेशनवर येते ना, तिथे वाचकांचे गळे गप्पच पडतात. एकाचाही हलत नाही."

"सारंग किती सुंदर बोलतो तिथे! पाऊण पान बोलतो."

"हो, तोच तर प्रश्न आहे," इरावती म्हणाली. मग तिनं खरी बातमी सांगितली. प्रेमकथा म्हणून छापायचं तर निदान पन्नास हवेत, असं वरून ठरलं होतं. महिनाभरात माझे पन्नास झाले नाहीत, तर कादंबरीतली प्रेमाची प्रकरणं शाल्मलीकडून लिहून घेणार. मुखपृष्ठावर दोघींची नावं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रेवा माझी, सारंग माझा, मिरज जंक्शनचा फलाट माझा, आणि त्यावरचं प्रेम मात्र शाल्मलीचं? काल आलेली ती पोरगी. फोटोत कायम खिडकीबाहेर बघत असते. मी फोन ठेवला आणि चहा न घेताच टेबलाशी बसले. टेबलावर कुणीतरी बामची डबी आणून ठेवली होती, ती कोपराचा धक्का लागून खाली पडली. मी आणखीच चिडले.

ही गळ्यांची भानगड आधी नीट सांगायला हवी. लहान मूल वाचायला शिकतं तेव्हा मोठ्यानं वाचतं. पुढे नुसते ओठ हलवत वाचतं. मोठेपणी आपण मनातल्या मनात वाचतो असं आपल्याला वाटतं; पण मेंदू गळ्याच्या स्नायूंना बोलण्याचे हुकूम सोडतच असतो. ते इतके क्षीण असतात की आवाज फुटत नाही. स्नायूंमधली ती बारीकशी वीज मोजायला पूर्वी प्रयोगशाळेत जावं लागायचं. आता बोटभर लांबीची, कातडीच्या रंगाची पट्टी गळ्याला चिकटवली की झालं.

पट्टी निघाली होती मुक्या माणसांसाठी. त्यांच्या गळ्यातले शब्द तिनं मोठ्यानं बोलावेत, हा हेतू. पण ती वापरताना कुणाच्या तरी लक्षात आलं की गोष्ट वाचणाऱ्याचा गळा कधीकधी त्याच्या डोळ्यांच्याही पुढे धावतो. नायिकेनं प्रश्न विचारला की नायकाचं उत्तर वाचायच्या आधीच वाचकाचा गळा ते जुळवायला लागतो. मात्र माणसं खरी वाटली तरच. खोटी वाटली, तर डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि गळा थंड. प्रकाशकांनी ही गोष्ट लगेच उचलली. आता हस्तलिखित छापण्याआधी वाचकांच्या एका गटाला पट्ट्या लावून वाचायला देतात आणि गळा कुठे किती धावला त्याचे गुण काढतात.

याशिवाय एक तिसरा प्रकार असतो, त्याला फाटा म्हणतात. वाचकाचा गळा हलतो, पण पुस्तकातलं वाक्य सोडून स्वतःचंच काहीतरी बोलतो. परवानगी असेल, तर यंत्र त्या न बोललेल्या बोलण्याचा उतारा काढून देतं. माझं सगळं घोडं या फाट्यावरच अडलं.

माझा पहिला वाचक म्हणजे माझा नवरा, हेरंब. तासगाव रस्त्यावर बेदाण्याचं मोठं कोल्ड स्टोअरेज आहे, तिथलं तापमान आणि ओलावा सांभाळायचं काम तो करतो. दिवसभर थंड, बंद खोल्यांमध्ये राहून असेल, पण बोलतो फार कमी. लग्न झाल्यापासून माझं प्रत्येक हस्तलिखित तो गॅलरीत बसून वाचतो आणि शेवटचं पान मिटून म्हणतो, "छान आहे." आजवर कधी वेगळं काही बोललेला नाही. म्हणून मी इरावतीकडून एक पट्टी मागवली आणि रविवारी त्याच्या गळ्याला चिकटवली.

"यानं काय होणार?" त्यानं विचारलं.

"तुला पटतंय की नाही ते कळणार."

"मी सांगतोच की."

"तू 'छान आहे' एवढंच सांगतोस."

"छान असतं म्हणून," तो म्हणाला.

परवानगीचं पान त्याच्या फोनवर आलं, त्यावर त्यानं न वाचता अंगठा टेकवला. मिक्सरबरोबर आलेलं माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा हा माणूस बायकोनं पुढे केलेलं काहीही वाचत नाही. त्यात उताऱ्याचीही परवानगी होती. मला ते माहीत होतं, पण मी बोलले नाही.

दुपारी त्यानं पट्टी काढून माझ्या हातात दिली. "छान आहे," म्हणाला. "जेवलीस का?"

"हं," मी म्हटलं. मी जेवले नव्हते, पण मला तो खोलीतून जायला हवा होता.

यंत्रावर आलेख उघडला. स्टेशनचा प्रसंग. रेवा धावतपळत येते, डबा पुढे करते, म्हणते, "धपाटे आहेत, वाटेत खा." मग सारंग बोलायला लागतो. त्याचं आयुष्य म्हणजे चंद्राविना आकाश वगैरे. तिथे हेरंबच्या गळ्याची रेघ सपाट झाली होती. आणि त्या सपाट रेघेच्या मधोमध एक मोठा फाटा फुटला होता. मी उतारा उघडला.

"हात बघू. भाजलंय ना? काही लावलंस का त्याला? बस इथे जरा. गाडीला वेळ आहे."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. इतकी वाक्यं सलग हेरंब माझ्याशी गेल्या कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. आणि माझा हात कुठे भाजला होता? आमच्याकडे स्वयंपाकाचं यंत्र आल्यापासून मी तव्याच्या जवळ गेलेली नाही. मग हा कुणाचा हात? आणि कुठली गाडी? हेरंब दर महिन्याला कामासाठी पुण्याला जातो, तो मिरजेहूनच गाडी पकडतो. म्हणजे कुणीतरी त्याला सोडायला येतं. हात भाजलेलं कुणीतरी.

मला रडू आलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला. त्या बाईला तो "बस इथे" म्हणत होता, आणि मला "छान आहे"!

दुसऱ्या दिवशी मी कोल्ड स्टोअरेजवर गेले. कादंबरीसाठी माहिती हवी आहे असं गेटवर सांगितलं. आत बेदाणा निवडायचं काम आता यंत्रंच करतात, पण शेवटची नजर टाकायला सरकत्या पट्ट्याशी काही बायका बसतात. मी त्यांच्याशी बोलत होते आणि त्यांचे हात बघत होते. हातमोजे असतील तर कामाबद्दल काहीतरी विचारून ते काढायला लावत होते. एका आजीबाईंनी विचारलंसुद्धा, "बाई, तुम्ही हात बघून भविष्य सांगता का?"

मग तपासणीच्या खोलीतली तेजस्विनी दिसली. तिशीची, हसरी, आणि उजव्या मनगटाला पांढरी पट्टी.

"कशानं भाजलं?" मी विचारलं.

"भाजलं नाही मॅडम, मुरगळलंय. गाडीवरून पडले." तिनं मला खुर्ची दिली. "सर म्हणाले नाहीत तुम्ही येणार म्हणून. तुमची सगळी पुस्तकं वाचलीत मी. सरांनीच आणून दिली. आम्हाला सगळ्यांनाच देतात. वाचली की नाही ते नंतर विचारतात पण."

सरळ मनाच्या बाईला हे ऐकून बरं वाटलं असतं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की हा माझी पुस्तकं वाटून दुसऱ्या बायकांशी ओळखी वाढवतोय. मुरगळलंय म्हणते, पण लपवायचं असेल तर माणूस दुसरं काय सांगणार? मी तिचा चहाही घेतला नाही.

घरी आले आणि लिहायला बसले. स्टेशनच्या पुढचं प्रकरण नवीन लिहिलं. सारंग परत आलाय, आणि रेवाला संशय येतोय. तिला त्याच्या सदऱ्याचा वास वेगळा वाटतो, त्याचा फोन वाजला की तिचे कान टवकारतात, त्याचं हसणं ती चोरून बघते. मला काही शोधावं लागलं नाही, माझंच सगळं उतरत होतं. ते इरावतीकडे पाठवलं.

दोन दिवसांनी तिचा फोन. "अगं, काय केलंस काय! एकोणऐंशी! वाचकांचे गळे नुसते धावताहेत."

"मग झाले ना पन्नास?"

"प्रेमाचे कुठे झाले? तुझा मत्सर पटतोय सगळ्यांना. प्रेम अजून चौदावरच आहे. स्टेशनचा प्रसंग तसाच ना?"

मत्सर पटतो आणि प्रेम पटत नाही. बाईच्या तोंडावर असं बोलतात का? पण त्या दिवशी मला पन्नासाची काळजी नव्हती. मला त्या बाईचं नाव हवं होतं. नवीन प्रकरणाच्या शेवटी मी एक प्रश्न घातला. रेवा दाराशी उभी राहून विचारते, "खरं सांग. तुझ्या मनात कोण आहे?" पुढचं पान कोरं ठेवलं. हेरंबला सांगितलं, पुढचं अजून सुचलं नाही, तू एवढं वाच.

त्यानं गळ्याला पट्टी लावली आणि गॅलरीत वाचायला बसला. मी आत उभी राहून त्याची पाठ बघत होते. हा सुटला तर माझ्याजवळ काय उरतं, हा विचार मला पहिल्यांदा तेव्हा आला. पुस्तकं उरतील, त्यातली अर्धी शाल्मलीची. संध्याकाळी गॅलरीत पाठ वळवून बसलेला हा माणूस मात्र नसेल.

"छान आहे," आत येऊन तो म्हणाला. "ती फार दुखावलीय गं."

मी मान हलवली. तो गेला आणि मी उतारा उघडला. शेवटच्या प्रश्नापाशी फाटा होता.

"तूच आहेस. दुसरं कोण असणार? आधी त्या हाताला काहीतरी लाव, रेवा."

रेवा.

मला समजायला वेळ लागला. मग मी माझंच हस्तलिखित यंत्रावर उघडलं आणि 'भाजलं' हा शब्द शोधला. अकराव्या प्रकरणात, अगदी शेवटी सापडला. सारंगच्या प्रवासासाठी रेवा पहाटे उठून धपाटे लावते आणि तव्याची कड लागून तिचं मनगट भाजतं. एकच वाक्य. ते मी दिवाळीच्या सुमाराला लिहिलं होतं. पुढचं प्रकरण लिहायला घेतलं तोवर उन्हाळा लागला होता. मी ते वाक्य पार विसरले. सारंगही विसरला, कारण त्याला मीच लिहीत होते. त्याच भाजल्या हातानं रेवा डबा पुढे करते आणि हा गडी तिला चंद्र आणि आकाश ऐकवतो. गळे हलणार कसे? रेवाचा हात अख्ख्या कादंबरीत कुणी बघितलाच नव्हता, माझ्या नवऱ्याशिवाय.

आता माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तेजस्विनी नव्हती, गाडी नव्हती, कुणीच नव्हतं. पण मत्सराला एवढ्यानं सुट्टी मिळत नाही. मला आता रेवाचा हेवा वाटायला लागला. माझ्या हातून जन्मलेली ही कागदी बया, तिच्या मनगटावरचा एका ओळीचा चट्टा त्याच्या लक्षात राहतो! आणि माझा उजवा अंगठा गेले कित्येक दिवस लिहून लिहून ठणकतोय, वाकवला की कळ येते, ते त्याला दिसत नाही?

हे मनात आलं आणि मी टेबलाखाली वाकले. बामची डबी अजून तिथेच पडली होती. ती मी आणली नव्हती. स्वयंपाकाचं यंत्र काही बाम आणत नाही. या घरात मी सोडून एकच माणूस राहतो.

मी ती डबी हातात घेऊन जमिनीवर बसून राहिले. रोज दुपारी जेवायला घरी आला की तो विचारतो, "जेवलीस का?" मी रोज "हं" म्हणते, आणि नंतर टेबलावर झाकलेलं ताट असतं. ते यंत्रानं ठेवलं असं मी धरून चालले होते. यंत्राला झाकण ठेवता येत नाही, हे मला माहीत आहे. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा राग आला. एवढं सगळं करतो, तर तोंडानं बोलायला काय झालं होतं?

मग मी लेखिका म्हणून जे करायचं ते केलं. सारंगचं पाऊण पानाचं भाषण काढून टाकलं आणि तिथे हेरंबचं वाक्य घातलं. "हात बघू. भाजलंय ना? बस इथे जरा." आणि पाठवून दिलं.

इरावतीचा फोन आला तो ओरडतच. "ऋजुता! सत्त्याऐंशी! शाल्मलीच्या वर गेलीस! आणि ऐक ना, गंमत म्हणजे फाटे फुटलेत. सारंग 'हात बघू' म्हणाला की गटातल्या बायका रेवाच्या आधी स्वतःच उत्तर देताहेत. जवळजवळ सगळ्या! थांब, उतारे वाचून दाखवते. 'काही नाही रे, थोडंसंच.' दुसरीचं, 'असू दे, तू जा, गाडी सुटेल.' ही तिसरी बघ, 'तुला कसं कळलं?' काय गोड आहे ना?"

मला मुळीच गोड वाटलं नाही. कुठल्या कुठल्या बायका, पुण्यातल्या, नागपुरातल्या, माझ्या नवऱ्याला उत्तरं देत होत्या. तो ज्या आवाजात ते गळ्यातल्या गळ्यात बोलला असेल, तो आवाज मीसुद्धा ऐकलेला नव्हता. आणि आता पुस्तक छापलं की हजारो जणी आपापले हात पुढे करणार.

"इरावती," मी म्हटलं, "ते वाक्य काढून टाक."

"काय?"

"मला ते छापायचं नाही. जुनं भाषण परत घाल."

"वेडी झालीस का? मग परत चौदा. मग शाल्मली."

"चालेल. शाल्मलीला लिहू दे."

ती बराच वेळ समजावत होती. कारण विचारत होती. मी काय सांगणार? मी मागे हटले नाही. फोन ठेवल्यावर मात्र मी शाल्मलीच्या नावानं बोटं मोडून घेतली.

पुस्तक दसऱ्याला आलं. मुखपृष्ठावर माझं नाव, खाली तितक्याच मोठ्या अक्षरांत तिचं. तिनं स्टेशनचा प्रसंग नव्यानं लिहिला होता. सारंग सुटलेल्या गाडीतून उडी मारतो आणि फलाटावर रेवाजवळ परत येतो. लोकांना तो फार आवडला. मी वाचला, चांगला होता, आणि मला तिचा हेवा वाटला. तो अजून वाटतो.

हेरंबनं पुस्तक घेतलं आणि गॅलरीत बसला. पट्टी नव्हती. शाल्मलीच्या ओळींवर याचा गळा हलतोय का, ते बघायला मी समोरच बसले. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. शेवटी त्यानं पुस्तक मिटलं.

"छान आहे," तो म्हणाला. मग थोडा थांबला. "पण तिच्या हाताचं काय झालं? अकराव्या प्रकरणात भाजला होता. पुढे कुणी विचारलंच नाही."

"विचारलं होतं एकानं."

"कुठे? मला नाही दिसलं."

"पुस्तकात नाहीये. ते वाक्य मी घरी ठेवून घेतलं."

त्याचा हात सावकाश गळ्याशी गेला, पट्टी लावायचा तिथे.

"ती पट्टी मनातलं पण लिहून घ्यायची?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "मला वाटलं, दुसरी कुणीतरी आहे."

तो उठून आत गेला. आतून काहीच आवाज येईना. ज्या माणसाला मी हजारो बायकांपासून जपून ठेवलं, तो माझ्याच एका लबाडीपायी कायमचा गप्प होणार, असं मला वाटलं. त्यापेक्षा ते वाक्य छापलेलं परवडलं असतं.

तो परत आला तेव्हा हातात बामची डबी होती. "सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता.

"हो."

"पाचव्या प्रकरणात मला झोप लागत होती. तेही असेल त्यात."

"आहे. 'आवर आता' असं आहे."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. बोलायला त्याला वेळ लागला; गळा आधी हलला असेल आणि आवाज नंतर आला असेल.

"हात बघू," तो म्हणाला.

त्या सगळ्या बायकांनी काय उत्तर दिलं होतं ते मला पाठ होतं. काही नाही रे, थोडंसंच. मी उजवा हात त्याच्या पुढ्यात ठेवला.

"दुखतोय," मी म्हटलं. "खूप दिवसांपासून."